सिंक अडले, तर आधी कोणते यंत्र सांभाळायचे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नोंदी ठेवण्याच्या ॲपविषयी आणि त्यांच्या सिंकविषयी, म्हणजे दोन यंत्रांवरच्या नोंदी इंटरनेटवरून सारख्या ठेवण्याविषयी, आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. प्रत्येकाचे ॲप वेगळे आहे, तक्रारीही वेगळ्या आहेत. पण बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आढळली. अडचण दिसताच लोकांनी ॲप काढून पुन्हा टाकले, किंवा लॉगआउट करून पाहिले, आणि मजकूर गेला तो या उपायापायी. म्हणून खालच्या उत्तरांत काय करावे याच्याइतकेच आधी काय करावे हेही सांगितले आहे. तो क्रम कृपया पाळावा.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. मुलाखतींची टिपणे फोनवर घेते आणि रात्री लॅपटॉपवर ती विस्ताराने लिहिते. मागच्या आठवड्यात प्रवासात इंटरनेट नसताना फोनवर एका नोंदीत सुमारे दोन पाने लिहिली. परत आल्यावर फोन जोडायच्या आधीच लॅपटॉपवर तीच नोंद उघडून तिच्यात चार ओळी घातल्या. नंतर फोन इंटरनेटला जोडला, तर दोन पाने नाहीशी झाली आणि त्या जागी लॅपटॉपवरच्या चार ओळी आल्या. तो मजकूर परत मिळेल का, आणि असे का झाले?

उत्तर : मजकूर परत मिळण्याची बरीच शक्यता आहे, पण हालचाल जपून करायला हवी. फोन विमान मोडवर टाका आणि तो तसाच राहू द्या. फोनवरून लॉगआउट करू नका आणि ॲप अनइन्स्टॉल तर मुळीच करू नका, कारण जो मजकूर सर्व्हरवर कधी पोहोचलाच नाही त्याची एकमेव प्रत त्या फोनच्या पोटात असू शकते, आणि ॲप काढताच ती पुसली जाते. आता फोनवरच तीन जागा पाहा. पहिली म्हणजे कचरापेटी. दुसरी, त्याच शीर्षकाची, पण पुढे तारीख किंवा ‘संघर्ष’ अशा अर्थाचा शब्द जोडलेली दुसरी नोंद. तिसरी, अशा प्रतींसाठी ॲपने आपणहून उघडलेली वेगळी वही. जॉप्लिन हे ॲप दोन यंत्रांवरचे बदल जुळले नाहीत तर स्थानिक प्रत ‘कॉन्फ्लिक्ट्स’ नावाच्या वहीत ठेवते, आणि ड्रॉपबॉक्स व सिंकथिंग यांसारख्या फाइल-सिंकच्या सोयी मूळ फाइलीशेजारी वेगळ्या नावाची दुसरी फाइल ठेवतात. यांपैकी कुठेही मजकूर सापडला, तर तो आधी निवडून दुसऱ्याच एखाद्या ॲपमध्ये किंवा ईमेलच्या मसुद्यात चिकटवा. नीटनेटके करणे नंतर होईल.

तिथे काही मिळाले नाही, तर लॅपटॉपवर त्या नोंदीचा इतिहास उघडा. अनेक ॲप जुन्या आवृत्त्या सर्व्हरवर काही काळ राखून ठेवतात. हा काळ मात्र अमर्याद नसतो. गुगल कीपच्या कचरापेटीतली नोंद ७ दिवसांनी कायमची जाते, ॲपलच्या नोट्समध्ये हटवलेल्या नोंदींना साधारण ३० दिवस मिळतात, आणि ड्रॉपबॉक्सच्या मूळ मोफत खात्यात फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात. तुमची घटना मागच्या आठवड्यातली आहे, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका.

असे का झाले, ते समजून घेतले तर पुढे ते टाळता येईल. सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला नोंदीचा अर्थ कळत नाही; त्याच्यापुढे एकाच नोंदीच्या दोन आवृत्त्या येतात आणि त्यांतली कोणती ठेवायची एवढाच प्रश्न असतो. सर्वांत सोपा नियम म्हणजे ‘शेवटी लिहिलेले खरे’. तुम्ही फोनवर दोन पाने दुपारी लिहिली आणि लॅपटॉपवर चार ओळी रात्री. वेळ पाहता चार ओळी नव्या, म्हणून त्या जिंकल्या. मजकूर किती मोठा आहे याला या नियमात किंमत नाही. शिवाय ही वेळ प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या घड्याळावरून घेतली जात असेल, तर ज्या लॅपटॉपचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे त्याचा जुना मजकूरही नवा ठरू शकतो. दोन्ही यंत्रांवर तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू आहे ना, हे आजच पाहून घ्या.

यापेक्षा चांगली पद्धत अशी, की दोन्ही यंत्रांवर शेवटची सारखी असलेली आवृत्ती आठवणीत ठेवायची, तिच्याशी दोन्ही नव्या आवृत्त्या ताडून पाहायच्या, इकडे वाढलेल्या ओळी आणि तिकडे वाढलेल्या ओळी दोन्ही घ्यायच्या, आणि एकच ओळ दोन्हीकडे बदललेली असेल तेवढ्यापुरतेच माणसाला विचारायचे. ऑब्सिडियन या नोंदींच्या ॲपची स्वतःची सिंक सेवा मार्कडाउन मजकुरातले (मार्कडाउन म्हणजे साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणारा मजकूर) दोन्हीकडचे बदल अशा रीतीने एकत्र गुंफते, पण चित्रे आणि पीडीएफ यांच्या बाबतीत शेवटी बदललेली प्रतच ठेवते. तुमचे ॲप कोणत्या पद्धतीचे आहे ते मदतपानांवर लिहिलेले असते; मुलाखतींसारखा पुन्हा न मिळणारा मजकूर त्यात ठेवण्यापूर्वी ते पान अवश्य वाचावे.

तुमच्या कामाच्या पद्धतीत एकच बदल सुचवतो. प्रवासात फोनवर लिहिताना जुन्या नोंदीत भर घालू नका, दर वेळी नवी नोंद उघडा. नव्या नोंदीला दुसऱ्या यंत्रावर प्रतिस्पर्धी नसतो, त्यामुळे ती कोणत्याही नियमाने हरत नाही. जोडाजोड लॅपटॉपवर बसून करा.

प्रश्न : फोनवर लिहिलेले लॅपटॉपवर कित्येक तास येत नाही. फोन हातात घेऊन ॲप उघडले की मात्र क्षणात येते. ॲप बिघडले आहे का? दुसरे असे, की काही नोंदी तर कधीच येत नाहीत.

उत्तर : पहिल्या तक्रारीत ॲपचा दोष बहुधा नाही. बॅटरी वाचवण्यासाठी फोन वापरात नसलेल्या ॲपचे इंटरनेट रोखून धरतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ साली आलेल्या ६.० या आवृत्तीपासून आहे: फोन न हलवता, पडदा बंद ठेवून बाजूला ठेवला की ॲपची कामे लांबणीवर पडतात आणि अधूनमधून थोडा वेळच त्यांना वाट मोकळी मिळते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्या ॲपपुरते बॅटरीचे बंधन काढता येते. आयफोनवर लो पॉवर मोड चालू असताना वापरात नसलेल्या ॲपचे मागच्या मागे ताजे होणे थांबते, आणि ॲप वर सरकवून बंद करण्याची सवय असेल तर ते पुन्हा उघडेपर्यंत मागे काहीच चालत नाही. लिहून झाल्यावर ॲप लगेच न मिटता, सिंक झाल्याची खूण दिसेपर्यंत समोर ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

दुसरी तक्रार निराळी आहे. ‘उशिरा येणे’ आणि ‘कधीच न येणे’ यांची कारणे क्वचितच एक असतात. आयफोनच्या नोट्समध्ये ‘आयक्लाउड’ आणि ‘माझ्या आयफोनवर’ असे दोन कप्पे असू शकतात, आणि दुसऱ्या कप्प्यातली नोंद त्या फोनच्या बाहेर जातच नाही. न येणाऱ्या नोंदी कोणत्या कप्प्यात आहेत ते पाहा. त्या योग्य कप्प्यात असतील, तर खात्यातली जागा तपासा. गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबी असते. फोटोंनी ती भरली की नव्या नोंदी वर जात नाहीत, पण जुन्या सगळ्या दिसत राहतात, आणि म्हणूनच हे कारण पटकन लक्षात येत नाही.

प्रश्न : मी अनुवादक आहे. आठ वर्षांच्या नोंदी एकाच ॲपमध्ये आहेत. शब्दसंग्रहाची एक नोंद काही हजार ओळींची आहे आणि तिच्यात छापील पानांचे फोटोही आहेत. हल्ली तिच्यात टंकताना अक्षर उमटायला दोन-दोन सेकंद लागतात. ॲप उघडायलाही वेळ लागतो. नवा लॅपटॉप घ्यावा का?

उत्तर : नवा लॅपटॉप घेण्याआधी दोन मिनिटांची एक चाचणी करा. त्याच ॲपमध्ये कोरी नोंद उघडा आणि तिच्यात चार ओळी लिहा. अक्षरे झरझर उमटली, तर दोष त्या एका जड नोंदीचा आहे. तिथेही रेंगाळली, तर दोष ॲपच्या भोवतालचा आहे. या चाचणीवाचून केलेले सगळे उपाय अंधारातले असतात.

जड नोंदीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या वर्णनावरून तीच पहिली संशयित दिसते. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा दिसतो, पण पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर दर ठिपक्याला ४ बाइट या हिशेबाने तोच फोटो सुमारे ४८ एमबी मेमरी घेतो. अशी वीस पाने एका नोंदीत असतील, तर निव्वळ चित्रांसाठी जवळपास एक जीबी लागू शकते. छापील पान वाचता यावे एवढ्यासाठी १६०० बाय १२०० ठिपके बहुधा पुरतात, आणि तेवढे चित्र उलगडल्यावर ८ एमबीच्या आत राहते. तेव्हा मूळ फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि नोंदीत लहान केलेली चित्रे लावा.

त्यानंतर मजकुराकडे वळा. बरीच ॲप टंकलेल्या प्रत्येक अक्षरागणिक नोंदीची रचना पुन्हा तपासतात: शीर्षक कुठे, दुवा कुठे, तक्ता कुठे. नोंद जितकी लांब, तितके हे काम अधिक. त्यात तक्ते असतील, किंवा संकेतस्थळांवरून जसाच्या तसा चिकटवलेला मजकूर असेल, तर डोळ्यांना न दिसणारी पुष्कळ मांडणीही सोबत आलेली असते. इथून पुढे चिकटवताना साधा मजकूर म्हणूनच चिकटवा. शब्दसंग्रह वर्णानुसार फोडा: स्वरांची एक नोंद, क-वर्गाची एक, च-वर्गाची एक, याप्रमाणे. शोध सगळ्या नोंदींत मिळून चालतो, त्यामुळे फोडल्याने शब्द हरवत नाही. अनुवादकाचा शब्दसंग्रह म्हणजे वर्षांची कमाई असते, तेव्हा फोडण्यापूर्वी मूळ नोंदीची एक प्रत ॲपच्या बाहेर काढून ठेवा.

कोरी नोंदही रेंगाळली, तर प्लगइनकडे, म्हणजे ॲपला वरून जोडलेल्या जादा सोयींकडे, पाहा. सगळे बंद करून ॲप पुन्हा उघडा; ऑब्सिडियनमध्ये यासाठी रिस्ट्रिक्टेड मोड आहे. वेग परत आला, तर दोषी प्लगइन शोधण्यासाठी एकेक चालू करत बसू नका. निम्मे चालू करा, पाहा, ज्या निम्म्यात दोष दिसेल त्याचे पुन्हा निम्मे करा. सोळा प्लगइनांतला एक दोषी चार फेऱ्यांत सापडतो.

ॲप उघडायला लागणारा वेळ कदाचित शोधसूचीमुळेही असेल. मोठे अपडेट झाल्यावर किंवा एकदम पुष्कळ नोंदी आयात केल्यावर ॲप सगळ्या नोंदींची सूची नव्याने बांधते. ते काम मध्येच तोडले, तर पुढच्या वेळी अनेकदा पहिल्यापासून सुरू होते, आणि ‘रोजच हळू’ असा समज होतो. लॅपटॉप चार्जिंगला लावून, झाकण न मिटता, ॲप एक रात्र उघडे ठेवून पाहा. एवढे सगळे करूनही फरक पडला नाही, तरच यंत्राच्या मेमरीचा आणि नव्या खरेदीचा विचार करावा.

प्रश्न : माझ्या नोंदी म्हणजे साध्या मजकूर-फाइली आहेत आणि शीर्षके मराठीत आहेत. विंडोजवर सगळ्या नीट दिसतात, पण लांब शीर्षकांच्या काही फाइली अँड्रॉइडवर येत नाहीत. उलट फोनवर केलेल्या काही नोंदी विंडोजवर येत नाहीत. शिवाय ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला, तर तो ज्या नोंदींत आहे त्यांपैकी निम्म्याच सापडतात. मराठीत लिहिणे सोडून द्यावे का?

उत्तर : मुळीच सोडू नका. तिन्ही अडचणींची कारणे स्वच्छ आहेत आणि तिन्हींवर उपाय आहे.

अँड्रॉइडवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द घ्या. आपल्याला त्यात चार अक्षरे दिसतात, पण आत १७ चिन्हे आहेत, म्हणजे ५१ बाइट. असे पाच शब्द मध्ये जागा न सोडता लिहिले, की २५५ बाइट भरले. विंडोज बाइट न मोजता चिन्हे मोजते, म्हणून तिथे तेच नाव आरामात बसते. शीर्षक पाच-सहा लहान शब्दांचे ठेवा आणि बाकीचे नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहा.

उलट दिशेचे कारण विरामचिन्हांत आहे. विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारांकन, दुहेरी सरळ अवतरणचिन्ह, उभी रेघ, कोनी कंस आणि दोन्ही तिरक्या रेघा चालत नाहीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही चालत नाही. ‘हे असे का?’ असे शीर्षक फोन स्वीकारू शकतो, पण विंडोज नाकारते.

शोधाचे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ मधला रफार नसलेला, आडवा र दोन रीतींनी लिहिला जातो. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, तर काही साधा ‘र’, त्याला हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲप’ या शब्दाचेही तेच होते: एकात ‘ॲ’ हे एकच चिन्ह असते, दुसऱ्यात ‘अ’ वर चंद्र वेगळा दिलेला असतो. दोन्ही यंत्रांवर शक्यतो एकच कळफलक ठेवा. जुन्या नोंदींसाठी तूर्त ‘दुस’ एवढेच शोधा. आणि सगळ्या नोंदींची प्रत बाजूला काढून ठेवल्यानंतर, एक रूप शोधून दुसरे घालण्याचे काम एका बैठकीत उरकता येईल.

प्रश्न : नोंदींचे फोल्डर मी दोन वेगवेगळ्या क्लाउड सेवांना जोडले आहे, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी असेल. पण प्रत्येक नोंदीच्या तीन-तीन प्रती होऊ लागल्या आहेत.

उत्तर : दोन सेवा एकाच फोल्डरवर कधीही ठेवू नका. एका सेवेने आणलेला बदल दुसरीला तुम्ही केलेला नवा बदल वाटतो, ती तो वर पाठवते, आणि चक्र सुरू राहते. सर्व यंत्रांवर दुसरी सेवा थांबवा, फोल्डरची एक प्रत बाहेर काढा, मग जास्तीच्या प्रती निवडून काढा. तुमचे ॲप साध्या फाइलींऐवजी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, म्हणजे सगळा मजकूर एकत्र ठेवणाऱ्या एका फाइलीत, नोंदी ठेवत असेल, तर तो डेटाबेस क्लाउडच्या फोल्डरमध्ये मुळीच ठेवू नये. ॲप चालू असताना ताजे बदल बहुधा मुख्य फाइलीशेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात, आणि सेवेने दोन्ही वेगवेगळ्या क्षणी उचलल्या तर दुसऱ्या यंत्रावर पोहोचणारा डेटाबेस मोडका निघू शकतो. प्रत काढतानाही आधी ॲप पूर्ण बंद करावे.

प्रश्न : फोन बदलला. नव्या फोनवर ॲप कूटबद्धतेचा पासवर्ड मागते आणि तो मला आठवत नाही. कंपनी म्हणते की तो त्यांच्याकडेही नाही. जुना फोन विकला. घरच्या लॅपटॉपवर मात्र नोंदी अजून उघडतात. काय करू?

उत्तर : कंपनीचे म्हणणे खरे असू शकते. नोंदी तुमच्या यंत्रावरच कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जात असतील, तर किल्ली सर्व्हरकडे नसते, आणि किल्लीवाचून तिथला मजकूर कोणालाही वाचता येत नाही. म्हणून तुमच्या नोंदी या क्षणी खऱ्या अर्थाने फक्त त्या लॅपटॉपवर आहेत. तो लॅपटॉप आज घरात कोणालाही देऊ नका, त्याचे अपडेट पुढे ढकला, आणि त्यावरच्या ॲपमधून लॉगआउट करू नका. आधी त्याचे वायफाय बंद करा. मग ॲपच्या मेन्यूतून सगळ्या नोंदी निर्यात करा. मार्कडाउन किंवा एचटीएमएल मिळाल्यास उत्तम, कारण त्या फाइली दुसऱ्या कोणत्याही साधनात उघडतात. जोडलेली चित्रेही सोबत आली आहेत का ते पाहा. निर्यात केलेले फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्राला लावा, आणि जुनी, अलीकडची व चित्र असलेली अशा तीन नोंदी उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्या नीट उघडल्यानंतरच नवे खाते किंवा नवा पासवर्ड तयार करा, तो कागदावर लिहून कपाटात ठेवा, आणि नोंदी त्यात आयात करा. नव्या फोनवर त्या पूर्ण उतरल्याचे संख्या मोजून पाहेपर्यंत लॅपटॉपवरचे जुने खाते आणि पेनड्राइव्ह, दोन्ही आहेत तसे राहू द्या.